दूध टाकणं वेगळं, रडणं वेगळं

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, माहेरी बाळंतपणाला आलेल्या सत्तावीस वर्षांच्या आईचं हे पत्र आहे. पहिला मुलगा, आता सात आठवड्यांचा, फक्त अंगावर पितो. जवळजवळ प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर दूध टाकतो. कधी लगेच पातळ, कधी तासाभराने दह्यासारखं फुटलेलं. संध्याकाळी सहा-साडेसहाला रडायला लागतो ते दहापर्यंत. लालबुंद होतो, मुठी आवळतो, पाय पोटाशी घेतो. आजी म्हणते वात धरलाय, गुटी द्या. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, तुझं दूध पातळ आहे, त्याला बाधतंय, पावडर सुरू कर. मेडिकलवाल्याने पोटदुखीचे थेंब दिले, डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध. आई स्वतः मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी यापलीकडे काही खात नाही. नवरा पुण्याला असतो, शनिवार-रविवारी येतो. तिचे प्रश्न असे: माझं दूध बाळाला सोसत नाही का? पावडर सुरू करू का? औषधं चालू ठेवू का? तिसऱ्या महिन्यात सासरी जायचं ठरलंय, ते पुढे ढकलू का?

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तू कंसात लिहिला आहेस: जन्माच्या वेळी वजन २ किलो ९००, दीड महिन्याच्या लसीच्या वेळी ४ किलो १००. बाकी सगळं पत्र काळजीने भरलेलं आहे आणि हा आकडा तू जाता जाता टाकून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. पंचेचाळीस दिवसांत १२०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ झाली की बालरोगतज्ज्ञ निश्चिंत असतात. हे वजन कुठून आलं? त्याच्या पोटात तुझ्या दुधाशिवाय दुसरं काही जातच नाही. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर आधीच लिहिलेलं आहे. दूध पुरतंय, पचतंय, अंगी लागतंय. दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

मग तो टाकतो का? अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. गिळलेलं खाली गेलं की ते आवळून बसतं. तान्ह्या बाळात ते मधूनमधून आपोआप सैल पडतं, एखाद्या बटव्याची दोरी नीट ओढलेली नसावी तसं. त्यात बाळाची अन्ननलिका आखूड, खाणं सगळं पातळ, आणि दिवसातला बहुतेक वेळ आडवं पडून. भरलेलं पोट जरा दाबलं गेलं की वरचं दूध बाहेर येतं. बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं, की हे आपसूक कमी होत जातं. १९९७ साली अमेरिकेत शिकागो परिसरातल्या सुमारे साडेनऊशे बाळांच्या आईवडिलांना विचारून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. पहिल्या तीन महिन्यांत निम्मी बाळं रोज किमान एकदा दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण दोन तृतीयांशापर्यंत चढलं आणि वर्षाच्या आसपास जेमतेम पाच टक्क्यांवर आलं. म्हणजे तुझ्याकडे हे अजून वाढू शकतं, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या दोन महिन्यांत तो जास्त टाकायला लागला, वजन मात्र चढत राहिलं, तर तो बिघडला असं समजू नकोस.

दह्यासारखं फुटलेलं दूध पाहून घरात सगळे घाबरतात. ‘दूध नासलंय’ असं कुणीतरी म्हणतंच. जठरात गेलेलं दूध फुटायलाच हवं, पचनाची पहिली पायरी तीच. तासाभराने बाहेर आलेलं दूध तसंच दिसणार. आणि किती टाकलं याचा अंदाज हमखास चुकतो. एक चमचाभर पाणी दुपट्यावर ओतून बघ, केवढा मोठा डाग पडतो ते. ‘पाजलेलं सगळं काढलं’ असं तुला रोज वाटतं ते बहुतेक एक-दोन चमचे असतं.

आता रडण्याकडे येऊ. तू लिहितेस, सकाळी टाकतो आणि लगेच पंख्याकडे बघत हातपाय उडवत पडतो. हे वाक्य तूच लिहिलं आहेस, जरा पुन्हा वाच. वर आलेल्या दुधाने त्याच्या छातीत जळजळत असतं, तर सकाळी अकरालाही जळजळलं असतं. टाकणं दिवसभर चालू आहे आणि रडणं मात्र संध्याकाळी सहा ते दहा. या दोन गोष्टी एकाच बाळात, एकाच वयात चालू आहेत म्हणून तू त्यांची गाठ मारलीस. तू एकटीच नाहीस, सगळेच मारतात, डॉक्टरसुद्धा मारतात. पण बहुतेक बाळांत ही गाठ नसते.

बोस्टनकडचे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. ही सगळी निरोगी बाळं. रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत गेलं, सहाव्या आठवड्याला शिगेला पोचलं, तेव्हा कमी आणि जास्त रडणाऱ्यांच्या बरोबर मधोमध येणारं बाळ दिवसातून पावणेतीन तास रडत होतं, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत ते उतरलं. सगळ्यात जास्त रडणं संध्याकाळचं. तुझं बाळ सात आठवड्यांचं आहे. म्हणजे तू आत्ता बरोबर चढाच्या माथ्यावर उभी आहेस. कालाहारी वाळवंटातल्या, बाळाला दिवसभर अंगाला बांधून फिरणाऱ्या आणि जरा कुरकुरलं की पाजणाऱ्या आयांच्या बाळांचाही अभ्यास झालेला आहे. त्यांचंही रडणं याच वयात चढतं, फक्त एका वेळचं रडणं लवकर आटोपतं. तेव्हा यात तुझ्या हाताचा, दुधाचा, खाण्याचा दोष शोधणं सोड.

‘पण पाय पोटाशी घेतो, गॅस सुटतो, म्हणजे पोटच दुखत असणार ना?’ जोरात रडणारं कुठलंही बाळ पाय पोटाशी घेतं, कशानेही रडत असलं तरी. रडताना ते हवा गिळतं, पोट ताठ होतं, ती हवा खालून बाहेर पडते. बऱ्याच वेळा गॅस हा रडण्याचा परिणाम असतो आणि आपण त्याला कारण समजून औषध शोधत बसतो.

म्हणून औषधांबद्दल जरा सविस्तर बोलते. आधी एक काम कर, मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांची बाटली उजेडात धर आणि बारीक अक्षरं वाच. त्यावर ‘डायसायक्लोमिन’ असं लिहिलेलं असेल तर आजपासून बंद कर. सहा महिन्यांखालच्या बाळांना ते द्यायचं नसतं, कारण त्याने श्वास मंदावल्याच्या, थांबल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आपल्याकडे पोटदुखीचे थेंब म्हणून ते अजूनही काउंटरवरून सहज दिलं जातं, याची मला फार चीड येते. बाटलीवर ‘सिमेथिकोन’ असेल तर इजा नाही. पण बाळांवर घेतलेल्या चाचण्यांत ते साध्या गोड पाण्यापेक्षा सरस ठरलेलं नाही. ‘डॉम्पेरिडोन’ हे उलटीवरचं औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, त्यामुळे निव्वळ दूध टाकण्यासाठी ते नकोच.

ॲसिड कमी करणाऱ्या औषधांचं वेगळं. ती दूध वर येणं थांबवतच नाहीत, वर येणाऱ्या दुधाची आंबटता तेवढी कमी करतात. २००९ साली १६२ बाळांवर लॅन्सोप्राझोल या अशाच एका औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळी बाळं पाजताना किंवा नंतर रडणारी, कुरकुरणारी, ओढूनताणून पिणारी. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत ५४ टक्के बाळं सुधारली होती. आकडा अगदी सारखा. फरक पडला तो त्रासांत. औषध घेणाऱ्या गटात छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास जास्त दिसले. आणि औषधाविना निम्मी बाळं सुधारली, ती कशाने? चार आठवड्यांनी मोठी झाली म्हणून. युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की एरवी निरोगी बाळाला केवळ रडतं किंवा दूध टाकतं म्हणून ॲसिडचं औषध देऊ नये.

तुझ्या डॉक्टरांनी ते दिलंय, तेव्हा मी इथून परस्पर बंद कर म्हणणार नाही. कार्ड घेऊन जा आणि दोनच गोष्टी शांतपणे विचार. ‘वजन असं वाढतंय, तर हे औषध नेमकं कशासाठी?’ आणि ‘दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबवायचं का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. पुष्कळदा औषध लिहिलं जातं ते समोरची आई थकून रडकुंडीला आलेली दिसते म्हणून. तुला फक्त धीर आणि माहिती हवी आहे हे कळलं तर तेही मोकळे होतील.

पावडर? तुझ्या परिस्थितीत मला त्याची गरज दिसत नाही. आईचं दूध जठरातून पावडरच्या दुधापेक्षा लवकर पुढे सरकतं. तेव्हा टाकणं कमी व्हावं म्हणून पावडर आणणं उलट दिशेने जाण्यासारखं आहे. शिवाय एकदा बाटली आली की अंगावरचं पाजणं कमी होतं, पाजणं कमी झालं की दूध कमी होतं, आणि मग ‘बघ, पुरत नव्हतंच’ असं म्हणायला सगळे मोकळे. पाजायला सुरुवात केली की दूध निळसर, पातळ दिसतं आणि शेवटाकडे दाट होतं, सगळ्यांचंच. ज्या वाचक आया काही कारणाने पावडर देतात त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. त्यांनी एवढंच बघावं, की डब्यावर दिलेल्या मापापेक्षा पावडर जास्त-कमी होत नाही ना, आणि बाटली संपवलीच पाहिजे असा आग्रह होत नाही ना. पोट तुडुंब भरलेलं बाळ जास्त टाकतं. आणि ‘नाचणीचं सत्त्व चाटवा म्हणजे दूध टिकेल’ हा सल्ला कुणीही दिला तरी सहा महिने पूर्ण होईपर्यंत नको.

आता तुझं जेवण. मऊ भात, मूग आणि दुधी यांवर राहून तू बाळाला पाजते आहेस, हे वाचून मला वाईट वाटलं. तूरडाळ, चवळी, कोबी, बटाटा खाल्ल्याने तुझ्या आतड्यांत वायू होऊ शकतो, पण तो वायू रक्तातून दुधात आणि दुधातून बाळात जात नाही. मसालेदार, आंबट खाल्ल्याने दूध तिखट-आंबट होत नाही. उद्यापासून घरात शिजेल ते जेव. भाकरी, पालेभाजी, आमटी, चालत असतील तर अंडी, मासे. आळिवाची खीर, डिंकाचा लाडू आवडत असेल तर जरूर खा, भूक असते या दिवसांत. चहा-कॉफी दोनेक कप ठीक.

एकच अपवाद आहे, तो नीट समजून घे. काही थोड्या बाळांना गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते आणि ती आईने खाल्लेल्या दुधदुभत्यातून, तिच्या दुधावाटे पोचते. अशा बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेघा किंवा पुष्कळ शेंब दिसते, अंगावर खरजेसारखे चट्टे उठतात, टाकणं-रडणं दिवसभर असतं, घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असते. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दूध, दही, ताक, पनीर, तूप, खवा हे सगळं दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून बघायचं, आणि फरक वाटला तरी पुन्हा एकदा खाऊन खात्री करायची. अंगावर पाजणं बंद करायचं नाही. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून तुला हे करायला सांगत नाही.

गुटीचा विषय नाजूक आहे, कारण आजी ती प्रेमाने उगाळते. सहाणेवर वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, बदाम यांचे वेढे मोजून घेणारे ते हात मला माहीत आहेत. पण वेखंड जरा जास्त झालं तर त्यानेच उलटी होते, आणि जायफळाने बाळ सुस्तावतं. सुस्तावलेलं बाळ शांत दिसतं म्हणून आपल्याला गुण आल्यासारखं वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कितीतरी बायका एके काळी तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. पाळी संपेपर्यंत बाळ निजलेलं राहावं म्हणून. त्या बिचाऱ्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता. तुझ्यापुढे आहे. गप्प झालेलं बाळ बरं झालेलं असतंच असं नाही, एवढं आजीला समजावून सांगता आलं तर पुष्कळ झालं. सहाण, मुळ्या, बोट, पाणी यांतून जंतू जातात तो धोका वेगळाच. गुटीत मध घालत असाल तर तो आधी थांबवा; मधातल्या जिवाणूंच्या बीजांनी वर्षाखालच्या बाळाला अंग लुळं पडण्याचा जीवघेणा आजार होऊ शकतो. ग्राइप वॉटरही असंच. ते १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला विल्यम वुडवर्ड यांनी बनवलं, त्यात बाळंतशोपाचं तेल, खायचा सोडा, साखर आणि अल्कोहोल होतं. आता अल्कोहोल नसतं, आणि उपयोग होतो असा पुरावाही नाही.

आजीचा हात मात्र काढून घेऊ नकोस. हिंगाचा लेप बेंबीभोवती लावायचा असेल, पोटात द्यायचा नसेल, तर लावू दे. दृष्ट काढायची तर काढू दे, मीठ-मोहरीच्या धुराजवळ बाळाला न्यायचं नाही एवढंच. तिच्या मांडीची, तिच्या अंगाईची बाळाला खरी गरज आहे. शेकशेगडी आणि धुरी बंद खोलीत नको. धुराने बाळाचे श्वासमार्ग चिडतात. आणि हे तुझ्यासाठी नाही, इतर वाचकांसाठी लिहिते: बाळंतीण मिश्री लावत असेल किंवा घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ती बाळाच्या दृष्टीने खरोखर बदलण्याजोगी गोष्ट आहे. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं.

पाजण्याच्या पद्धतीत थोडे बदल करून बघ. बाळाचं तोंड मोठं उघडू दे, नुसतं बोंड तोंडात नको, भोवतीचा काळा भागही बराचसा आत जायला हवा. चोखताना ‘टक टक’ आवाज येत असेल तर हवा जातेय. पान्हा जोरात फुटतो आणि त्याला ठसका लागतो असं तू लिहिलंयस, तर भिंतीला तक्के लावून मागे रेलून पाज, बाळाला छातीवर घे. धार आपोआप मंदावते. एक बाजू पूर्ण होऊ दे, मग दुसरी. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धर, खांद्यावर. ढेकर निघाली तर ठीक, नाही निघाली तरी पाठीवर थापट्या मारत बसू नकोस. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेत ७१ माय-लेकरांवर याचा नीट अभ्यास झालाय. पाजल्यावर ढेकर काढल्याने रडणं कमी झालं नाही, आणि दूध टाकणं उलट वाढलं. मालीश आणि अंघोळ पाजण्याआधी होऊ दे. पोट भरलेलं असताना मालीशवाल्या मावशी गुडघे पोटाशी दाबतात, तेव्हा ते बाहेर येणारच. लंगोटाची नाडी पोटावर सैल ठेव.

झोपवताना मात्र उताणंच, सपाट, जरा कडक गादीवर. ‘उताणा निजला आणि टाकलं तर श्वासात जाईल’ ही भीती प्रत्येक घरात असते. उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायला उलटं चढावं लागेल. पालथं निजवल्यावर हीच रचना उलटी होते आणि झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. मोहरीची उशी नको, गादीखाली उशी घालून उतार नको. झोळीत थोपटून शांत कर, पण तिथे मान छातीवर दुमडते, म्हणून झोपला की खाली सपाट ठेव.

संध्याकाळच्या चार तासांचं काय करायचं? सगळ्यात मोठा फरक पाच मिनिटांत पाच उपाय करणं थांबवल्याने पडतो. रडला की पाजलं, मग उभा धरला, मग झोळी, मग खुळखुळा, मग अंगणात, मग पुन्हा पाजलं, यात थकलेलं बाळ आणखी बिथरतं. एक गोष्ट दहा मिनिटं तरी कर. साडेपाचलाच, रडणं सुरू व्हायच्या आधी, घरातला टीव्ही आणि मोठा दिवा बंद करा, बघायला येणाऱ्यांना सकाळी बोलवा. मऊ साडीने छातीशी बांधून अंगणात फेऱ्या मारणं बहुतेक बाळांना आवडतं. नाक-तोंड झाकलं जात नाही आणि हनुवटी छातीला टेकत नाही हे बघायचं. पंख्याचा एकसुरी आवाज, कानाशी हलकं गुणगुणणं चालतं. दुपट्यात गुंडाळायचं तर हात आत, पण कमरेखाली सैल, म्हणजे खुब्याचे सांधे मोकळे राहतात. कुशीवर वळायला लागला की गुंडाळणं बंद. मागेल तर अंगावर घे, संध्याकाळी बाळं थोडं थोडं पुष्कळदा पितात. तोंड फिरवलं तर मात्र आग्रह नको. आणि कधी कधी काहीच चालणार नाही. तू सगळं बरोबर केलंस तरीही तो रडेल.

अशा वेळी डोक्यात सणक गेली, हात थरथरायला लागले, तर त्याला उताणा पाळण्यात ठेव आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. तोंडावर पाणी मार, कुणाला तरी हाक मार. दहा मिनिटं एकट्याने रडल्याने बाळाला काही होत नाही. संतापून गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो. तू तसं करशील म्हणून सांगत नाही. हे बाळ सांभाळणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे, बाबालासुद्धा.

डॉक्टरकडे लगेच कधी धावायचं ते कागदावर लिहून भिंतीला लाव. हिरवी उलटी झाली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, तडक मुलांची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात. आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते. प्रत्येक पाजण्यानंतर लांबवर कारंज्यासारखी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, वजन घटतंय, हे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात दिसलं तर जठराचं पुढचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. पहिल्या मुलग्यांत हे जास्त आढळतं, म्हणून तुला मुद्दाम सांगते. उलटीत किंवा शीमध्ये रक्त, पोट फुगून टणक, टाळू फुगलेली, लंगोट कोरडे, दूध ओढायचंच सोडणं, निळं पडणं किंवा श्वास अडखळणं, उठवूनही न उठणं, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही. एरवीपेक्षा निराळं, किंचाळल्यासारखं रडणं एकाएकी सुरू झालं तर कपडे काढून नीट बघ. पायाच्या बोटाला केस गुंडाळला गेलाय का, जांघेत फुगवटा आलाय का.

आता तुझ्याबद्दल, कारण पत्रात तू स्वतःविषयी एकच ओळ लिहिलीस: ‘मला काहीच जमत नाही असं वाटतं.’ बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप लागत नाही का? दिवसचे दिवस रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, नको नको ते विचार येतात का? असं असेल तर तो थकवा नाही, बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, आणि त्यावर अंगावर पाजताना चालतील असे उपचार आहेत. सरकारच्या ‘टेली मानस’ या सेवेला १४४१६ वर कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

नवऱ्याला हे पत्र आणि उत्तर दोन्ही वाचायला दे. रोज रात्री फोनवर ‘अजून रडतोय का?’ एवढं विचारून त्याचा वाटा पुरा होत नाही. शनिवार-रविवारची संध्याकाळ पूर्ण त्याची. त्याने बाळाला छातीशी घेऊन फिरायचं आणि तू दार लावून झोपायचंस, फक्त पाजायला उठायचं. उरलेल्या दिवशी आई, आजी आणि तू तासातासाने पाळ्या वाटून घ्या. सासूबाईंना उत्तर त्यानेच द्यावं, आणि वाद न घालता. दर पंधरा दिवसांनी वजन करून कार्डाचा फोटो त्यांना पाठवावा. ‘दूध पातळ आहे’ या वाक्यासमोर चढत जाणारी वजनाची रेघ ठेवली की बोलणं बदलतं. त्यांनाही नातवाची काळजीच आहे.

सासरी जाण्याचं म्हणशील, तर बाळाच्या पोटासाठी ते पुढे ढकलायची गरज नाही. तीन महिने पूर्ण होईपर्यंत संध्याकाळचं रडणं बरंचसं उतरलेलं असेल, टाकणं मात्र चालूच असेल, हे तिथे आधी सांगून ठेव. ठरवताना बघायचं ते एवढंच, की तिथे संध्याकाळी सहाला बाळ तुझ्याकडून घ्यायला कोण आहे. नवरा आठपर्यंत कामावर आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर आणखी महिनाभर माहेरी राहा, आणि हे कारण मोकळेपणाने सांग. तिथे हात असतील तर जा.